डब्यातली धामण

वार्षिकांकासाठी काहीतरी लिहून द्या, अशी सूचना मराठीच्या तासाला झाली, तेव्हा वर्गातल्या बहुतेकांनी कविता द्यायचे ठरवले. मला कविता येत नाही. माझ्याजवळ सांगण्यासारखी एकच गोष्ट आहे आणि ती घरी अर्धीच ठाऊक आहे, अशी माझी समजूत होती. छापून आली तरी भीती नाही, कारण आमच्या घरी पुस्तक वाचणारा मी एकटाच.

मी नववीत असताना एक धामण पाळली होती.

आमचे गाव पवनी तालुक्यात, वैनगंगेपासून फार लांब नाही. चहूकडे धानाच्या बांध्या, मध्ये एक जुना तलाव आणि दोन बोड्या. पाणी आहे म्हणून बेडूक आहेत, धान आहे म्हणून उंदीर आहेत, आणि ही दोन्ही आहेत म्हणून साप आहेत. पोळ्याच्या आधीचे दिवस होते. कोठ्यामागचा तणसीचा ढीग उपसताना हातभर लांबीचे एक पिल्लू निघाले. माझ्या करंगळीएवढे जाड, डोळे मात्र भलतेच मोठे. धामण विषारी नसते, एवढे मला शाळेतल्या पुस्तकामुळे माहीत होते. मी ते बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घातले, झाकणाला खिळ्याने भोके पाडली आणि डबा कोठ्याच्या माळ्यावर लपवला.

पहिले दोन दिवस झाकण उघडले की ते हातावर झेप घेई. दाताच्या सुईसारख्या खुणा उमटत. चौथ्या दिवशी झेप घेणे थांबले. सातव्या-आठव्या दिवशी ते माझ्या मनगटाला वेढा घालून निवांत बसू लागले. जीभ बाहेर काढून माझा तळहात चाचपू लागले. मला वाटले, जमले! ते मला ओळखू लागले. मी त्याच्याशी बोलत असे. शाळेत गुरुजी काय म्हणाले, बाबा कोणाच्या शेतात रोवणीला गेले, सगळे सांगत असे. ऐकायला त्याला बाहेरचे कानच नाहीत, हे मला नंतर कळले. जमिनीची थरथर आणि काही खालच्या पट्टीतले आवाज त्याला जाणवतात, पण माझे बोलणे त्याच्या काही कामाचे नव्हते. जीभ काढत होते तेही लाडाने नव्हे. सापाची जीभ म्हणजे त्याचे नाक. हवेतले कण जिभेवर घेऊन ते टाळूतल्या एका इंद्रियाला लावायचे आणि समोर काय आहे ते ठरवायचे. माझ्या तळहाताचे त्याने काय ठरवले, कोण जाणे.

मी त्याला रोज बाटलीच्या झाकणात दूध देत होतो. नागपंचमीला सगळे देतात म्हणून. ते शिवतही नव्हते. एकदा बेडूक आणून सोडला. तो माझ्या मानाने फार मोठा होता, पिल्लाच्या मानाने तर राक्षस. दोघेही दोन कोपऱ्यांत भेदरून बसले. संध्याकाळी मी बेडकाला सोडून दिले. साप काही दिवसेंदिवस खात नाही, असे मित्राने सांगितले आणि मी निश्चिंत झालो.

अकराव्या दिवशी आजीने डबा पाहिला.

इथे एक सांगायला हवे. माझ्या जन्माच्या आदल्या पावसाळ्यात आजीचा धाकटा मुलगा, म्हणजे माझा काका, साप लागून गेला. रात्री जमिनीवर अंथरूण टाकून झोपला होता. पहाटे पोट दुखते म्हणून उठला. चावल्याची खूण कोणाला दिसली नाही, त्याला स्वतःलाही कळले नव्हते. माझ्या आजीने ओवा दिला. मग त्याच्या पापण्या जड झाल्या, झोप येते म्हणाला. बोलणे अडखळू लागले तेव्हा घरचे झाडफूक करणाऱ्याकडे घेऊन गेले. ऊन तापायच्या आत सारे संपले. आज मला कळते की तो मण्यार होता. आमच्याकडे त्याला दंडेकार म्हणतात. मण्यार रात्री फिरतो, जमिनीवर झोपलेल्यांना चावतो, आणि त्याचा दंश बहुधा दुखत नाही की सुजत नाही. विष नसांवर काम करते, आधी पापण्या मिटतात आणि शेवटी श्वास. लस आणि श्वासाचे यंत्र वेळेवर मिळाले तर माणूस वाचतो. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार, असा अंदाज दिला आहे. तो आकडा मी प्रथम वाचला तेव्हा मला बारा लाख दिसलेच नाहीत. ओव्याची वाटी हातात घेतलेली आजी दिसली.

तर अशा आजीला माळ्यावर डब्यात साप सापडला. मला वाटले, आता घर डोक्यावर घेणार. ती ओरडली नाही. डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "चाल." आम्ही बांधीच्या धुऱ्यापर्यंत गेलो. मी डबा आडवा केला. पिल्लू थोडा वेळ काठावर डोके ठेवून राहिले आणि मग गवतात शिरले. मी तिथेच उभा. वळून पाहील, असे मला खरोखर वाटत होते.

"काय पायतेस? ते का तुले राम राम करन?" आजी म्हणाली.

त्या रात्री मी रडलो. बाबांना वाटले, मास्तरांनी मारले.

पुढे कॉलेजात आलो. एस.टी.ची वाट पाहताना स्टँडजवळच्या मोटार वाइंडिंगच्या दुकानात बसू लागलो. दुकानदार दादा तालुक्यातले जुने सर्पमित्र. फोन आला की हातातली मोटार तशीच टाकून निघतात. एक दिवस त्यांच्या मागे गाडीवर बसलो, तेव्हापासून बसतोच आहे. मी त्यांना धामणीची गोष्ट मोठ्या अभिमानाने सांगितली. ती माझ्या हातावर कशी शांत बसायची, तेही.

दादांनी विचारले, "किती दिवस उपाशी होती?"

शांत झालेला साप आणि थकलेला साप यांतला फरक मला त्या प्रश्नाने कळला, तोही चार वर्षांनी.

परदेशात पिंजऱ्यातच जन्मलेले अजगर वगैरे लोक हौसेने पाळतात. त्यांची पुस्तके आणि चित्रफिती मी मोबाइलवर पुष्कळ पाहिल्या आहेत. सापाला हाताळून कसे रुळवायचे हे त्यांत सांगितलेले असते. आधी हात धुवा, हाताला भक्ष्याचा वास नको. वरून झडप घालू नका, तो घारीचा मार्ग आहे, बाजूने या. मधल्या अंगाला दोन्ही हातांचा आधार द्या, डोके धरू नका. खाल्ल्यावर दोन दिवस उचलू नका. कात टाकायच्या आधी डोळे दुधाळ होतात तेव्हा त्याला नीट दिसत नाही, मग तर शिवूच नका. हे सगळे खरे आहे. पण एवढे करून मिळते काय? साप तुमच्यावर माया करू लागत नाही. 'हे उबदार झाड मला खात नाही' एवढीच त्याची खात्री होते. दादांच्या मते तेही काही थोडे नाही. मात्र आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने धामण, नाग असले रानातले साप पकडून पाळणे हा गुन्हा आहे. म्हणजे नववीत मी गुन्हेगार होतो. बत्तीस शिराळ्याची जिवंत नागांची पूजा तर मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेली.

१९८० साली पुण्यात नीलिमकुमार खैरे बहात्तर विषारी सापांबरोबर बहात्तर तास एका खोलीत राहिले. हे ऐकून मला वाटले होते की त्यांनी बहात्तर सापांशी मैत्री केली. दादा म्हणाले, "मैत्री नाही रे, धीर. धक्का न देता बसून राहणे." तमिळनाडूतल्या इरुला लोकांचे उदाहरणही ते देतात. इरुलांची १९७८ साली स्थापन झालेली सहकारी संस्था सरकारी परवानगीने साप पकडते, काही आठवडे ठेवून विष काढते आणि सोडून देते. त्याच विषातून घोड्यांच्या मदतीने लस तयार होते. त्यांतल्या मासी सदैयन आणि वडिवेल गोपाल या दोघांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. शाळेची पायरी फारशी न चढलेल्या माणसांना! मला याचा का कोण जाणे फार आनंद झाला.

दादांच्या उजव्या हाताची तर्जनी वाकडी आहे. घोणस पिशवीत जात होती, कोणीतरी म्हणाले, "एक फोटो होऊ द्या." म्हणून त्यांनी ती पुन्हा वर उचलली. तीस वर्षांचा सराव एका फोटोत गेला. त्यामुळे त्यांचा दंडक असा की विषारी सापाला मी हात लावायचा नाही. बिनविषारी चालेल. विषारी दिसला तर लांब उभे राहून नजर ठेवायची आणि फोन करायचा.

गेल्या भाद्रपदात या दंडकाची परीक्षा झाली. रात्री अकराला शेजारच्या घरी धानाच्या ढोलीजवळ साप निघाला. मला उठवले. पाहतो तो काळाभोर, अंगावर पांढरे पट्टे जोडीजोडीने. दंडेकार. निम्मे गाव जमले होते, चार-पाच मोबाइल वर आले होते. मी मुलांना बाहेर काढले, दार मोकळे केले आणि बॅटरी त्याच्यावर धरून पाच-सहा हात लांब उभा राहिलो. दादांना फोन लावला. मधल्या नाल्याला पूर होता, त्यांना फेऱ्याने यायचे होते.

दोन तास लागले. पहिला अर्धा तास लोक गप्प होते. मग कोणी म्हणाले, "पकड ना बे!" कोणी म्हणाले, "कॉलेजात हेच शिकवतात का?" बाबा तिथेच होते. मजुरी करून त्यांनी मला शिकायला ठेवले आहे. ते काही बोलले नाहीत, पण मान खाली घातली, ते मला बॅटरीच्या उजेडाबाहेरही दिसले. एकदा साप ढोलीखाली सरकू लागला. शेपूट माझ्या समोर होते. दादांना ते उचलताना मी वीस वेळा पाहिले आहे. हात पुढे गेला होता, हे मी इथे कबूल करतो. तेवढ्यात मागून आजीचा आवाज आला. "उभा राय. हलू नोको." ती दाराशी येऊन बसली होती, केव्हा ते कोणाला कळले नव्हते. मग तिनेच एकाला काठी दिली आणि दमात घेतले, "हासतेस काहून? घरी जा ना." हळूहळू गर्दी पांगली.

दादा आले, आकड्याने सापाला नळीत वळवला, पिशवीचे तोंड बांधले. दोन मिनिटांचे काम. फोटो नाही.

घरी आलो तेव्हा पहाट व्हायला आली होती. काका गेल्यापासून आजी जमिनीवरच झोपते, त्याच जागी. बाज देऊ केली तर रागावते. त्या दिवशी ती म्हणाली, "बाज टाक. अन् ते मच्छरदानी बी बांध." मी बांधली. कडा गोधडीखाली चारी बाजूंनी खोचत होतो, तेव्हा आतून तिने विचारले,

"ते धामन खायाची तरी का रे?"

"बेडूक," मी म्हणालो. "लहान लहान."

"मंग दूध काहून देत होतास? रोज भांड्यात कमी दिसे मले."