बी आणि वावर

लिंबागणेशच्या आमच्या थोरल्या वहिनींच्या छातीत गाठ निघाली. मुंबईस आणले. आम्ही शिकलेली माणसे गाठ केवढी, एवढेच विचारीत राहिलो. वहिनींनी मात्र विचारले, “बी कळलं, डॉक्टर, वावर कसंय?”

आम्ही ओशाळलो, डॉक्टर खुलले. रोग कुठे रुजतो हे सांगताना १८८९ साली स्टीफन पॅजेट या इंग्रज शल्यविशारदाने बी-जमिनीचीच उपमा योजली होती म्हणे! भोवतालच्या पेशी गाठीला कधी पोसतात, कधी रोखतात, कधी औषधालाही दाद देऊ देत नाहीत.

टाटा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी शस्त्रक्रियेआधी गाठीभोवती बधिरतेचे साधे औषध टोचून पाहिले. २०२३ सालच्या अहवालात पाच वर्षांनी हयात स्त्रिया शेकडा ८६ ऐवजी ९० भरल्या.

वहिनींनाही तेच टोचले. शुद्धीवर येताच त्या दादांना म्हणाल्या, “तुरीला पाणी दिलं का?”