दुसरे घर घ्यावे, पण हिशेब मांडून

रविवारी सकाळी चहा घेता घेता गृहस्थांनी वर्तमानपत्रातली जाहिरात बायकोपुढे सरकवली. "बघ, पन्नास लाखांत दोन बेडरूमचा फ्लॅट. बँक कर्ज देतेय. भाडेकरू ठेवला की हप्ता भाड्यातूनच सुटेल. निवृत्तीनंतर घरबसल्या पेन्शनच समज!"

पुण्यातलं हे मध्यमवर्गीय जोडपं. गृहस्थ खासगी कंपनीत, वय ५२. बाई शाळेत शिक्षिका. राहतं घर कर्जमुक्त, मुलगी शिक्षणाच्या शेवटच्या वर्षाला. पै पै साठवून जमवलेले वीसेक लाख रुपये मुदत ठेवीत होते. हे पैसे चुकीच्या जागी अडकले, तर पुन्हा तेवढे जमवायला वय हाताशी नव्हतं. म्हणून बाई म्हणाल्या, "अहो, आधी वहीत मांडू या. घर बघायला मग जाऊ."

भाड्यातून हप्ता सुटतो का?

पहिला आकडा पदरच्या पैशांचा. बँक घराची सगळी किंमत देत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांपर्यंतच्या कर्जात घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के, ३० ते ७५ लाखांच्या कर्जात ८० टक्के आणि त्याहून मोठ्या कर्जात ७५ टक्केच रक्कम मिळू शकते. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्चही साधारणपणे या किमतीत धरत नाहीत. म्हणजे ५० लाखांच्या घरासाठी घरचे १० लाख, वर शुल्काचे जवळजवळ चार लाख. पंखे, गिझर, रंगकाम वेगळंच.

दुसरा आकडा हप्त्याचा. ४० लाखांचं कर्ज, व्याज साडेआठ टक्के आणि मुदत २० वर्षं धरली, तर हप्ता होतो सुमारे ३४,७०० रुपये. पण २० वर्षं म्हणजे गृहस्थांचं वय ७२! साठाव्या वर्षापूर्वी, आठ वर्षांत फेडायचं तर हप्ता ५७ हजारांच्या वर जातो.

तिसरा आकडा भाड्याचा. त्या भागात अशा घराला १५ हजार रुपये मिळत होते. वर्षाचे १,८०,०००. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स २४,०००, मालमत्ता कर ९,०००, दुरुस्ती आणि दलालीचे १२,००० वजा केले. भाडेकरू बदलताना घर महिनाभर रिकामं राहतं, त्याचे १५,००० गेले. उरले १,२०,०००.

"म्हणजे महिन्याला दहाच हजार?" गृहस्थांनी चष्मा पुसला.

आपल्याकडच्या मोठ्या शहरांत घराचं वर्षाचं भाडं बहुधा किमतीच्या तीन-चार टक्क्यांच्या आसपासच असतं. कर्जाचं व्याज त्याच्या दुपटीहून जास्त. मग भाड्यातून हप्ता सुटणार कसा? राहिली घराची किंमत वाढण्याची आशा. ती वाढेलही, पण किती आणि केव्हा, याची हमी कोणी देत नाही.

'करात बचत होते' हेही नीट तपासून घ्यावं. भाड्यातून भरलेला मालमत्ता कर वजा होतो, उरलेल्या रकमेवर ३० टक्के सरसकट वजावट मिळते आणि कर्जाचं व्याजही वजा होतं. त्यानंतर तोटा दिसला, तर जुन्या करप्रणालीत तो वर्षाला दोन लाखांपर्यंत पगाराच्या उत्पन्नातून वजा करता येतो. नव्या करप्रणालीत मात्र ही सोय नाही. आपण कोणत्या प्रणालीत कर भरतो, ते पाहूनच हिशेब करावा.

अंथरूण पाहून पाय

जोडप्याने मोठ्या घराचा नाद सोडला. रेल्वे स्टेशनजवळच्या जुन्या सोसायटीत एका बेडरूमचा फ्लॅट ३० लाखांना मिळाला. निम्मे पैसे घरचे, १५ लाखांचं कर्ज आठ वर्षांसाठी. हप्ता सुमारे २१,६०० रुपये. शुल्क भरून हाती उरलेल्या रकमेतून सहा हप्त्यांइतके पैसे बाईंनी वेगळ्या खात्यात ठेवले आणि बजावलं, "सहा महिने घराला कुलूप राहिलं, तरी मुलीच्या फीला हात लागता कामा नये."

दुसरं घर परवडतं की नाही, हे ठरवायला याहून सोपी कसोटी नाही. घर रिकामं असतानाही हप्ता भरता येत असेल, तरच कर्ज काढावं.

दोन हजार वाचवायला गेले

घर घेताना इतकी काळजी घेणाऱ्या या जोडप्याची चूक झाली ती भाड्याने देताना. दलाल म्हणाला, "अकरा महिन्यांचाच करार आहे, नोंदणी कशाला? स्टॅम्प पेपरवर लिहून टाकू." भाडं १०,००० आणि डिपॉझिट ३०,००० ठरलं. माणूस सभ्य दिसत होता, सह्या झाल्या.

पाचव्या महिन्यापासून भाडं थकलं. मागायला गेल्यावर भाडेकरू म्हणाला, "भाडं आठ हजारच ठरलं होतं आणि डिपॉझिट मी साठ हजार दिलंय." गृहस्थ वकिलाकडे गेले, तेव्हा खरी गोष्ट कळली.

अनेक राज्यांत वर्षाच्या आतल्या कराराची नोंदणी सक्तीची नसते, म्हणून अकरा महिन्यांची पद्धत पडली. महाराष्ट्रात तसं नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याच्या कलम ५५ प्रमाणे करार कितीही महिन्यांचा असो, तो लेखी आणि नोंदणीकृतच हवा. नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती केली नाही, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय भाडं आणि अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं.

अखेर दोन महिन्यांच्या भाड्यावर पाणी सोडून त्यांनी घर मोकळं करून घेतलं. बँकेचा हप्ता मात्र एकदाही थांबला नाही.

तेव्हा नोंदणी केली असती, तर खर्च किती आला असता? लिव्ह अँड लायसन्स करारावर मुद्रांक शुल्क पाव टक्का लागतं. ते मुदतीतलं एकूण भाडं आणि डिपॉझिटवरचं दहा टक्के दराने व्याज यांच्या बेरजेवर धरतात. त्यांच्या करारावर ते तीनशेच्याही आत होतं. महापालिका हद्दीत नोंदणी फी एक हजार. दलालाची किंवा वकिलाची फी सोडली, तर दोन हजारांच्या आत काम झालं असतं, तेही घरबसल्या ऑनलाइन.

नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्सचा फायदाही मोठा आहे. मुदत संपूनही राहणारा घर सोडत नसेल, तर कलम २४ प्रमाणे मालकाला थेट सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि त्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई मागता येते. जुन्या पिढीला आठवत असेल, १ फेब्रुवारी १९७३ रोजी लायसन्सवर राहणाऱ्यांना मुंबई भाडे कायद्यातल्या दुरुस्तीने भाडेकरूचं संरक्षण मिळालं. पुढे कितीतरी मालकांनी धास्तीने घरं भाड्याने देण्याऐवजी कुलूप लावून ठेवली. आज ती भीती बाळगायचं कारण नाही, कागद मात्र पक्का हवा.

भाडेकरूही आपलाच माणूस

दुसऱ्या वेळी बाईंनी सगळं रीतसर केलं. करार नोंदवला, प्रत सोसायटीला दिली, पोलीस ठाण्याला भाडेकरूची माहिती कळवली. सोसायटीने भाडेकरू ठेवल्याबद्दल जादा आकार मागितला, तेव्हा २००१ च्या शासन आदेशाकडे बोट दाखवलं. हा आकार सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही.

घराचा ताबा देताना पंखे, नळ, खिडक्या यांची यादी करून दोघांच्या सह्या घेतल्या, फोटो काढले. भाडं बँकेत जमा होतं, तरी दर महिन्याला पावती जाते. नळ गळतो म्हणून फोन आला, तर प्लंबर त्याच आठवड्यात पोहोचतो. न कळवता मात्र त्या घरात कोणी जात नाही. नोकरीनिमित्त गाव सोडून आलेलं ते तरुण जोडपं आता तिसऱ्यांदा करार वाढवतं आहे. घर एक दिवसही रिकामं राहिलेलं नाही.

परवा गृहस्थांनी पुन्हा एक जाहिरात बायकोपुढे ठेवली. या वेळी सोबत वही आणि पेनही होतं.