नाल्याकाठचे पाहुणे

नाल्याकाठी जन्म काढलेल्या माणसाला ‘चला, नाला पाहायला’ म्हटले तर तो हसेल. मीही हसलो. पण मुलगी हटून बसली. शाळेत पक्ष्यांची यादी करायची होती.

नोव्हेंबरातला रविवार. चटणी-भाकरी बांधून आम्ही तिघे सकाळी सातला भांडुपला उतरलो. पूर्वेला महामार्गापलीकडे पंपिंग स्टेशन आहे. तेथून खाडीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या एका अंगाला सांडपाण्याचा कालवा, दुसऱ्या अंगाला तिवरांचे रान. प्रथम नाकाला रुमाल लावला. पण गुलाबी काटकुळ्या पायांचे शेकाटे पाण्यात उभे दिसले आणि रुमालाची आठवणच राहिली नाही. रस्त्यावर शेपटी हलवीत धोबी पक्षी, तारेवर निळा खंड्या, काठाने धावणारे तुतवार. यांतले धोबी आणि तुतवार हिमालय ओलांडून, कित्येक तर थेट सायबेरियाकडून येतात.

दुपारी कुर्ल्याला गाडी बदलून शिवडीला गेलो. जुनी माणसे तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. त्या दिवशी चतुर्थी, म्हणजे भरती तीनला. आम्ही साडेबारालाच धक्क्यावर. पाणी चढू लागले तसे दूरचे थवे काठाकडे सरकू लागले. रोहित मोजकेच होते. त्यांची गर्दी पुढे हिवाळ्यात वाढते. पाणटिवळे मात्र पुष्कळ.

‘एवढे सगळे एकाच जागी जेवतात, भांडत नाहीत?’ पत्नीने विचारले. उत्तर चोचीत आहे. आखूड चोचीचा वरवरचे टिपतो, लांब चोचीचा खोल चिखलातले किडे काढतो, रोहित मान उलटी करून पाण्यातले शेवाळ गाळतो. आपण ज्याला घाण म्हणतो, तो चिखल त्यांचा भरलेला डबा आहे.

त्या डब्याला तिवरे राखतात. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली तिवरांच्या तोडीला मनाई केली. ठाणे खाडीचा काही भाग २०१५ साली रोहित अभयारण्य झाला, २०२२ साली रामसर यादीत गेला. तरीही परतताना तिवरांत टाकलेले इमारतींचे डेब्रिज दिसलेच. भराव पडला की चिखल संपतो, आणि पावसाचे पाणी जिरायची जागाही. मग ते पाणी प्रथम कोणाच्या घरात शिरते, हे आपल्या वस्त्यांना सांगायला नको.

मुलीची यादी एकोणीस पक्ष्यांची झाली. खर्च गाडीभाडे, रिक्षा आणि तीन चहा. भरतीची वेळ पाहून आपणही मुलांना घेऊन जा. दगड मारू नका, पिशव्या टाकू नका, आणि घरी आल्यावर मागच्या नाल्याकडेही एकदा नीट पाहा. आमच्या नाल्यावर सोमवारी सकाळी एक धोबी होता.