खात्री देता येत नाही

कायद्याच्या लेखी माझ्या धंद्यातल्या भामट्याची किंमत फार तर एक हजार रुपये आहे. भारतीय पुनर्वास परिषद अधिनियम १९९२ चा. केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत नाव नसताना कुणी वाचा-उपचाराचं काम करत असेल, तर त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, असं त्याचं तेरावं कलम सांगतं. १९९२ साली हजाराला वजन होतं. आज मालवणच्या बाजारात बऱ्यापैकी सुरमई घ्यायची म्हटली तर तेवढ्यात भागत नाही. आणि कैद? या किनाऱ्यावर कुणाला झाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

माझं नोंदणीपत्र चौकट करून भिंतीवर लावलेलं आहे. ते कुणी वाचत नाही. लोक उंबऱ्याबाहेर चपला काढतात, पोराला पुढे ढकलतात आणि खुर्चीवर टेकायच्या आधी विचारतात, “म्याडम, झील बोलतलो मां?”

आमच्या धंद्यातला सगळा कस या प्रश्नाच्या उत्तरात लागतो. उच्चारशास्त्र, कानाची रचना, मेंदूतली भाषेची केंद्रं हे चार वर्षांच्या पदवीत शिकवतात. भारतात हे शिक्षण साठच्या दशकात सुरू झालं. मुंबईचं नायर रुग्णालय आणि १९६५ मध्ये उभी राहिलेली म्हैसूरची अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था ही त्यातली जुनी घराणी. बांद्र्याची अली यावर जंग संस्था १९८३ ची. म्हणजे वैद्यकाच्या मानाने आम्ही कालची पोरं. त्यामुळे आम्ही नेमके कोण, हे लोकांना ठाऊक नसतं. कुणी मला डॉक्टर म्हणतं, कुणी बाई, तर दांडीवरची एक आजी सरळ ‘बोलूक शिकवणारीण’ म्हणते. मला हे तिसरं आवडतं. नावाआधी ‘डॉक्टर’ लावायचा मला अधिकार नाही, आणि आजीने दिलेल्या पदवीवर कुठल्या परिषदेचा आक्षेप येण्यासारखा नाही.

तर, बोलतलो मां? ‘हो’ म्हणणारे पुष्कळ आहेत. जिभेखालची दोरी कापली की पोर बोलेल म्हणून कुणी ती कापून आणलेली असते. ती दोरी आखूड असली तर अंगावर पिताना बाळाला त्रास होतो हे खरं, पण दोन वर्षांचं मूल एकही शब्द बोलत नाही याचं कारण तिथे क्वचितच सापडतं. वेखंड तर घराघरात असतं. सहाणेवर उगाळून जिभेला लावलं की वाचा सुटते, अशी समजूत आहे. त्याला मी हसत नाही. किती लावता एवढं मात्र विचारते, कारण जास्त झालं तर ते बाळाला बाधतं. राग येतो तो भिंतीवर चिकटवलेल्या कागदांचा. ‘तोतरेपणा कायमचा बंद’ असं लिहिलेलं असतं, आणि खाली मोबाइल नंबर.

गंमत म्हणजे हा दावा सरकारने कधीचाच निषिद्ध ठरवलेला आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम १९४५ चे. त्यांना ‘जे’ नावाची एक अनुसूची जोडलेली आहे. कुठलंही औषध ज्या व्याधी टाळण्याचा किंवा बऱ्या करण्याचा दावा करू शकत नाही, त्यांची ती यादी. कर्करोग, मोतीबिंदू, दमा, टक्कल यांच्या पंगतीला तिथे तोतरेपणाही बसलेला आहे. बहिरेपणाची जाहिरातबाजी १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्यात येते. पण अनुसूची बोलते औषधाबद्दल. गोळी विकणारा सापडू शकतो. व्यायामाचा ‘कोर्स’ विकणारा निसटतो.

ही यादी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला हायसं वाटलं होतं. नियम म्हणजे दर पाच वर्षांनी नूतनीकरणाचा अर्ज, प्रशिक्षणाचे गुण, पावत्या, अपलोड न होणारे फोटो, असं आम्ही सगळेच कुरकुरतो. पण शेजारच्या खोलीत सल्ला घ्यायला कुणी सहकारी नाही अशा ठिकाणी एकटं काम करताना नियम वेगळे दिसतात. मी काय कबूल करायचं नाही, हे कुणीतरी आधीच लिहून ठेवलंय. मग समोरच्या आईला मी ‘खात्री देता येत नाही’ म्हणते, तेव्हा तो माझा कमीपणा राहत नाही. खात्रीच्या जागी काय द्यायचं, हे मात्र माझं मला शोधावं लागतं.

म्हणून मी त्या प्रश्नाला आधी प्रश्नाने उत्तर देते. ऐकू येतं का? “येता तर! टीव्ही लावल्यार धावत येता.” टीव्ही दिसतोही, हे त्या माउलीच्या ध्यानात नसतं. दोन वर्षांच्या मुलाने दोन शब्दांची जोडी केली नसेल तर सगळ्यात आधी कानांची तपासणी, मग बाकीचं. “बापूसय उशिरा बोललो हुतो” हे आजीचं वाक्य मी वहीत लिहून घेते, पण त्यापायी तपासणी पुढे ढकलत नाही. बहिरेपण सापडलं तर घाई करावी लागते. केंद्राच्या एडिप योजनेत कॉक्लियर इम्प्लांटला मदत मिळते, पण जन्मापासून ऐकू न येणाऱ्या मुलाला त्यात वयाची अट आहे, आणि मेंदू तर त्याहून कमी थांबतो. ‘चतुर्थी झाली की बघू’ हे वाक्य इथे फार महाग पडतं.

कान ठीक निघाले की चित्रांचे पत्ते बाहेर येतात. देवबागच्या एका मुलापुढे मी माशाचं चित्र ठेवलं. छापील उत्तर ‘मासा’. त्याने पत्ता हातात घेतला, उलटा करून पाहिला आणि म्हणाला, “बांगडो नाय हो.” मग जरा विचार करून, “पेडवो पण नाय.” नियमाप्रमाणे गुण शून्य, कारण अपेक्षित शब्द आला नाही. मी त्याच्या नावापुढे लिहिलं की याची भाषा वयाच्या पुढे आहे. चित्रकाराने काढलेला मासा अरबी समुद्रात नाही, हे पोराने मला दोन वाक्यांत आणि दोन नकारांत सांगितलं होतं. आमच्या चाचण्या बहुतेक पुण्या-मुंबईच्या मराठीत बेतलेल्या असतात. ‘माका व्हया’ म्हणणाऱ्या मुलाचं व्याकरण चुकलेलं नसतं. ते मालवणीत अगदी बरोबर असतं. शाळेतून अशी मुलं ‘बोलणं अशुद्ध’ अशा शेऱ्यासह माझ्याकडे येतात, तेव्हा चिठ्ठीवर ‘उपचाराची गरज नाही’ एवढंच लिहून परत पाठवते. फी बुडते. पण फरकाला विकार म्हणून त्यावर पैसे घेणं ही माझ्या मते भिंतीवर कागद चिकटवणाऱ्याचीच धाकटी पाती.

विकार असतो तेव्हा तो मालवणीतही विकारच असतो. पाच वर्षांची मुलगी ‘कावळो’ला ‘तावळो’ म्हणते, ‘काकी’ला ‘ताती’. क म्हणताना जिभेची मागची बाजू टाळूला टेकायला हवी. तिची पुढचीच उडी मारते. मी लाकडी पट्टीने जिभेचं टोक हलकेच खाली दाबून धरते आणि सांगते, आता ‘त’ म्हण. टोक अडकलेलं असल्याने जीभ नाइलाजाने मागून उठते आणि ‘क’ बाहेर पडतो. पहिल्यांदा तो आवाज ऐकून मूल दचकतं. हा आपल्याच घशातून आला यावर त्याचा विश्वास बसत नाही. मग पट्टी काढायची, पुन्हा ‘त’ येतो, पुन्हा पट्टी. आया विचारतात, पट्टी घरी देता का? देत नाही. पट्टी कुठे आणि किती दाबायची आणि कधी काढायची, यातच कसब आहे. त्याऐवजी घरी चूळ भरताना घशाशी पाणी खुळखुळवायचा खेळ देते.

मोठ्या माणसांचा प्रश्न वेगळा. एका तांडेलाला पक्षाघात झाला; उजवा हात गेला आणि शब्द गेले. त्याला वाचाघात म्हणतात. समोरचं कळतं, सांगायचं काय तेही ठाऊक असतं, शब्द हाताशी येत नाही. मात्र पाठ झालेलं बोलणं कधी कधी शाबूत राहतं. एक ते वीस आकडे तो सरळ म्हणायचा, आरतीच्या ओळी म्हणायचा, आणि जाळं फाटल्यावर जे बोलतात तेही खणखणीत. बायको कपाळाला हात लावून म्हणाली, “गाळी घालूक येतत, माझा नाव घेवक येयना.” तिला समजावलं की तिचं नाव आठवून घ्यावं लागतं, शिवी न बोलावता येते. तिला ते पटलं. बहुधा लग्नापासूनच ठाऊक असावं.

त्याला दिव्यांगत्वाचा दाखला हवा होता. १९९५ च्या जुन्या कायद्यात सात प्रकार होते, त्यात वाचा गेलेले आमचे रुग्ण कुठेच नव्हते. २०१६ च्या कायद्याने एकवीस केले आणि ‘वाक् व भाषा दिव्यांगता’ आत घेतली. व्याख्येत स्वरयंत्र काढलेले आणि वाचाघाताचे रुग्ण स्पष्ट नावाने आहेत, पण अट आहे ती कायमस्वरूपी दिव्यांगतेची. सोमवारी मी त्या तांडेलाला सांगते, सराव सोडू नका, अजून शब्द परतू शकतात. आणि त्याच आठवड्यात ओरोसच्या रुग्णालयासाठी अहवाल लिहिते, ज्यात त्याची वाचा किती टक्के गेली ते आकड्यात मांडायचं. चाळीस टक्क्यांच्या खाली आलं तर बऱ्याचशा सवलती हुकतात. बरं होणं आणि दाखला यांची अशी ओढाताण घरच्यांना मी मोकळेपणाने सांगते. मुदतीचा दाखला देण्याची सोय नियमात आहे आणि मी तिचा आग्रह धरते. माझ्यापुरता तोच त्यातल्या त्यात प्रामाणिक कागद.

तोतरेपणा मात्र या व्याख्येत सहसा बसत नाही, कारण ती मागते शारीरिक किंवा मज्जासंस्थेतलं कारण. एक कॉलेजात जाणारा मुलगा येतो. वर्गात हजेरीला ‘प्रेझेंट’ म्हणताना त्याची मान आखडते, डोळे मिटतात, प वर तो अडतो तो अडतोच. वार्षिक जत्रेला देवळात गाऱ्हाणं घालतात. प्रत्येक मागण्याला गावकरी एका आवाजात ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. त्यात हा पठ्ठ्या एकदाही अडखळत नाही. घरच्यांना वाटतं देवाची कृपा, बापाला वाटतं पोर एरवी नाटकं करतं. समूहात एका सुरात बोलताना तोतरेपणा बहुतेकांचा ओसरतो, हे आमच्या शास्त्रात चांगलं ठाऊक आहे. बापाला हे कळल्यावर त्याचं ओरडणं थांबलं; त्या दिवसाची माझी कमाई तीच. मुलाला ‘पूर्ण जाईल’ असं मी कधी म्हटलं नाही. अडलं तरी वाक्य सोडायचं नाही, एवढ्यावर आम्ही काम करतो.

आमच्या कामात गिळणंही येतं, हे सांगितलं की लोक चकित होतात. पक्षाघातानंतर घरची माणसं मायेने पेजेची निवळ पाजतात. आजारी माणसाला पातळ ते हलकं, असा हिशेब. पण गिळण्याची क्रिया मंदावलेली असली की पातळ पदार्थच सगळ्यात धोक्याचा. तो घशात थांबत नाही, श्वासनलिकेत उतरतो, मग खोकला, मग न्यूमोनिया. जगभर आता पातळ-घट्टपणाची शून्य ते सात अशी एक मोजपट्टी वापरतात. ती घरी वापरायला दहा मिलिलिटरची सिरिंज पुरते. दट्ट्या काढायचा, खालचं भोक बोटाने दाबून पेज भरायची, बोट काढून दहा सेकंद मोजायचे. निवळ सगळी वाहून जाते. उकडा तांदूळ घोटून केलेली पेज आठ मिलिलिटरहून जास्त आत राहिली तर ती तिसऱ्या पायरीच्या आसपास. काहींना ती चालते, निवळ चालत नाही. सून हे एकदा करून बघते आणि पुढे नुसत्या डवल्याने ओळखते.

हे काम आरोग्याचं की पुनर्वसनाचं? दिल्लीच्या कागदावर ते पुनर्वसनाचं आहे, म्हणून आमची परिषद सामाजिक न्याय मंत्रालयाकडे. २०२१ मध्ये संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा आला. फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी तिकडे गेल्या. आम्ही परिषदेकडेच राहिलो. यावर आमच्यात दोन तट आहेत आणि गटांवर मध्यरात्रीपर्यंत भांडणं चालतात. माझं मत विचाराल तर कुणाच्याही छपराखाली ठेवा, पण जिल्हा रुग्णालयातली आमची जागा भरलेली ठेवा. पक्षाघाताचा रुग्ण पहिल्या आठवड्यात खाटेवर असतो, तेव्हाच त्याच्या घशाकडे बघणारं कुणी हवं. तो घरी आल्यावर त्याचं पुनर्वसन करायला मी आहेच.

गेल्या पावसाळ्यात दवाखान्याची जागा बदलली. १ जूनपासून यांत्रिक मासेमारी बंद झाली की बापमाणसं घरी असतात, पोरांना घेऊन येतात. माझा तो कामाचा हंगाम, म्हणून पाटी घाईने रंगवून घ्यायची होती. नाव, पदवी, नोंदणी क्रमांक, वेळ एवढं मी लिहून दिलं. रंगारी लांब उभा राहून पाटीकडे बघत म्हणाला, “म्याडम, खाली जागा उरली हा. शंभर टक्के ग्यारंटी घालू?” म्हटलं, नको, काहीच घालू नका. दुसऱ्या दिवशी बघितलं तर त्या मोकळ्या जागेत त्याने स्वतःचं नाव आणि मोबाइल नंबर घातला होता. आता थेरपीची वेळ ठरवायला लोक त्याला फोन करतात, आणि ऐकते ते असं, की तो त्यांना सांगतो, “आधी कान तपासून घेवा.”