परप्रांतातील वीजग्राहक

नवा रायपुरात माझ्याकडे दरमहा दोन देयके येतात, मोबाइलचे आणि विजेचे. मोबाइल कंपनी नापसंत असल्यास ती बदलता येते. नियामकाच्या नियमांमुळे 2011 पासून क्रमांक तोच ठेवता येतो, आणि 2015 पासून दुसऱ्या राज्यात गेल्यावरही. विजेची तार मात्र घरापर्यंत एकाच कंपनीची असते. अर्थशास्त्रात हिला नैसर्गिक मक्तेदारी म्हणतात.

अशा मक्तेदारीवर देखरेख नसली की काय होते, हे महाराष्ट्राने अनुभवले आहे. 1993 साली दाभोळचा वीजखरेदी करार झाला, तेव्हा राज्यात वीज नियामक आयोग नव्हता. तो 1999 मध्ये आला. 2001 मध्ये वीज मंडळाला ती महागडी वीज घेणे थांबवावे लागले.

आता विद्युत अधिनियम, 2003 च्या कलम 64 नुसार कंपनीने दरप्रस्ताव प्रसिद्ध करायचा, आणि लोकांच्या सूचना व हरकती विचारात घेऊन आयोगाने 120 दिवसांत निर्णय द्यायचा असतो. हरकत घेण्यासाठी त्या राज्याचे मूळ रहिवासी असण्याची अट नाही. तरीही बदलीवर आलेले आपण स्वतःला पाहुणेच समजतो. ग्राहक गप्प राहिले, तर आयोगापुढे कंपनीचेच आकडे उरतात. म्हणून पुढील जाहीर सूचना वाचावी आणि एक पानभर तरी लेखी म्हणणे अवश्य पाठवावे.