आकाशांतील ऊ

इंग्लंडांतील बेडफर्डशायर परगण्यांत ओल्ड वॉर्डन नांवाचें एक टुमदार खेडें आहे. त्याच्या शेजारीं हिरवळीचें विमानतळ असून, रिचर्ड शटलवर्थ या हौशी गृहस्थानें आरंभिलेला जुन्या विमानांचा संग्रह तेथें जतन केला आहे. १९०९ सालचें ब्लेरिओ, १९१० सालचें देपेर्द्युसाँ अशीं नामांकित विमानें तेथें आहेत. परंतु आम्ही सर्वांत अधिक वेळ थांबलों तें जी-एईबीबी या नोंदणीच्या एका ठेंगण्या यंत्रापाशीं. लांबी जेमतेम बारा फूट, पंखांचा विस्तार वीस फुटांच्या आंतबाहेर, सारें काम लांकडाचें व कापडाचें. मुलांचें खेळणें मोठें करून ठेविलें आहे असेंच प्रथमदर्शनीं वाटतें.

हें विमान कोणत्याहि कारखान्यांत तयार झालेलें नाहीं. आंरी मिन्ये या फ्रेंच गृहस्थानें १९३३ सालीं आपल्या चौदाव्या आराखड्याचें विमान उडविलें व १९३४ सालीं तें घरीं कसें बांधावें याचें पुस्तकच प्रसिद्ध केलें. १९३५ सालीं त्याचें इंग्रजी भाषांतर निघालें. त्याच वर्षीं मिन्ये स्वतः इंग्लिश खाडी ओलांडून गेला. मग काय विचारतां! खोका ठोकतां येणाऱ्या प्रत्येकास वैमानिक होण्याचीं स्वप्नें पडूं लागलीं. मिन्येनें आपल्या अपत्याचें नांव ठेविलें होतें ‘आकाशांतील ऊ’. इंग्रजांनीं उवेची पिसू केली. पिसू उडी तरी मारते, तेव्हां हा फेरफार आम्हांस अधिक सयुक्तिक वाटतो.

आतां प्रश्न असा कीं, पाटी नसतां असें विमान ओळखावें कसें? आमच्या न्यायशास्त्रांत लक्षणाचे तीन दोष सांगितले आहेत. गाईचें लक्षण शिंगें म्हटल्यास तें म्हशीसहि लागू पडतें, ही अतिव्याप्ति. तांबूस रंग म्हटल्यास पांढरी गाय सुटते, ही अव्याप्ति. एकसंध खूर म्हटल्यास तें एकाहि गाईस लागू पडत नाहीं, हा असंभव. गळ्याखालची पोळी हेंच गाईचें निर्दोष लक्षण. येथेंहि तोच न्याय लावावा. ‘एकामागें एक दोन पंख’ हें लक्षण अतिव्याप्त, कारण तशीं विमानें इतरांनींहि केलीं. इंजिनावरून ओळखूं जावें तर अव्याप्ति. फ्रान्समध्यें कोणीं मोटारसायकलचें इंजिन बसविलें, तर इंग्लंडांत कोणीं फोर्ड मोटारीचें. मिन्येच्या कुळाची पोळी निराळीच आहे. पुढचा पंख बिजागरीवर सबंधच कलतो. पंखांच्या टोकांशीं तोल सांवरणाऱ्या झडपा नाहींत. पायांनीं दाबावयाच्या पट्ट्याहि नाहींत. एकच दांडा पुढेंमागें केला कीं पंख कलतो, डावी-उजवीकडे केला कीं सुकाणू वळतें.

परंतु कूळ समजलें म्हणून व्यक्ति समजली असें नव्हे, आणि इतकी बारकाई करण्यास तसेंच गंभीर कारण आहे. थोड्याच काळांत अनेक अपघात होऊन माणसें दगावलीं. फ्रान्स व इंग्लंड येथील वायुबोगद्यांत परीक्षा झाल्या, तेव्हां दोष उघडकीस आला. दोन्ही पंख फार जवळ असल्यामुळें, वैमानिकानें नाक वर आणण्यासाठीं दांडा ओढून पुढचा पंख कलविला म्हणजे मधल्या फटींतून हवा वेगानें मागच्या पंखावर जाई व त्याची उचल वाढे. विमान एकदां तीव्र उतरणीस लागलें कीं जो उपाय करावा तोच अपाय होई. १९३६ सालीं ब्रिटिश सरकारनें नवे परवाने देणें थांबविलें. ओल्ड वॉर्डन येथील हें विमानहि आतां उडवीत नाहींत.

पुढें मिन्येनें पंखांची परस्पर मांडणी बदलली आणि महायुद्धानंतर पंख दुमडतां येणारीं नवीं विमानें काढलीं. म्हणून एखाद्या जुन्या गोठ्यांत धूळ खात पडलेलें असें यंत्र कोणास सांपडलें, तर प्रथम दोन पंखांमधील फट पाहावी, पुढचा पंख किती अंशांपर्यंत कलूं शकतो तें मोजावें, आणि इंजिनाचें नांव सर्वांत शेवटीं वाचावें. बांधणारानें पुस्तकाबाहेर जाऊन काय केलें, हें त्याच्या खिळ्यांवरून व सांध्यांवरूनच शोधावें लागतें. नोंदणीचीं अक्षरें तेवढें सांगत नाहींत.