मिठूची शेपटी

गेल्या पावसाळ्यात एका आजोबांचा रक्तदाब पाहण्यासाठी त्यांच्या घरी गेलो होतो. निघताना आजी म्हणाल्या, "डॉक्टर, आमचा मिठू दोन दिवस गप्प आहे हो. जरा बघता का?" गॅलरीतल्या पिंजऱ्यात त्यांचा कॉकॅटील पोपट पिसे फुलवून बसला होता. प्रत्येक श्वासाबरोबर त्याची शेपटी खालीवर होत होती. मी पडलो माणसांचा डॉक्टर. "गारठला असेल" म्हणालो आणि जिना उतरलो. सकाळी मिठू पिंजऱ्याच्या तळाशी मरून पडला होता.

पुढे एका पशुवैद्य मित्राने मला समजावले. पक्ष्याला आपल्यासारखे श्वासपटल नसते. छातीचे हाड हलवून तो हवा आतबाहेर खेळवतो. म्हणूनच त्याला मुठीत आवळून धरू नये. शिवाय आजार लपवणे हा त्याचा स्वभावच आहे, कारण रानात दुबळा दिसणारा पक्षी आधी शिकार होतो. (आमच्या काही ज्येष्ठ रुग्णांनाही ही खोड आहे!) त्यामुळे धाप दिसू लागते, तेव्हा बराच उशीर झालेला असतो. वाचकहो, स्वस्थ बसलेला पोपट चोच उघडून श्वास घेत असेल, त्याची शेपटी हलत असेल किंवा श्वासाला शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर सकाळची वाट पाहू नका. पिंजरा उबदार व शांत ठेवून पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याकडे तत्काळ न्या. चोचीत बळेच औषध किंवा पाणी घालू नका. ते श्वासनलिकेत जाते. पिंजरा स्वयंपाकघरात तर कधीच नको. रिकामा नॉनस्टिक तवा फार तापला, तर त्याच्या वाफेने पक्षी काही मिनिटांत दगावतो.

आठवडाभराने आजोबांना ताप, डोकेदुखी आणि कोरडा खोकला सुरू झाला. या वेळी मला पिंजरा आठवला. पोपटाच्या वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून क्लॅमिडिया सिटासी नावाचे जिवाणू माणसाच्या फुप्फुसात शिरतात. एक्स-रेमध्ये सावली होती. जिवाणूंची खात्रीची तपासणी आमच्याकडे होत नाही, तरीही डॉक्सिसायक्लिन सुरू केले आणि ताप उतरला. तेव्हा आपल्या घरात पक्षी असेल, तर खोकल्यासाठी जाताना ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. आम्ही विचारायला विसरतो.

पिंजरा अजून गॅलरीतच होता. आजींना तो हलववत नव्हता. मी म्हटले, "असू द्या. पण कोरडा झाडू नका. नाकाला रुमाल बांधा, आधी पाणी शिंपडा आणि ओल्या फडक्याने पुसून घ्या."